गाडीखालचे दोन पाटे

गाडी कुडाळच्या गॅरेजमधून परत आली, अंगणात उभी राहिली, तिला हळदकुंकू लागलं, तरी ओंकारला काही वावगं दिसलं नव्हतं. ते त्याला दिसलं न्हाणीमागे. पाय धुवायला गेला, तर माडाच्या बुंध्याशी, सुक्या झावळांखाली दोन लोखंडी पाटे, गाडीच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, झाकून ठेवलेले. वाकलेले, गंजलेले, पण उचलताक्षणी त्याने ओळखले.

बारा वर्षांपूर्वी बाबलींनी, म्हणजे ओंकार-कौस्तुभच्या वडिलांनी, गाडीच्या मागच्या धुऱ्यावर हे दोन जादा पाटे स्वतः समोर उभं राहून चढवून घेतले होते. मूळच्या पाट्यांवर एवढी थोरली गाडी वीस पेट्या आंब्याने बसायची. जादा पाटे पडल्यावर पस्तीस पेट्या घेऊन सड्यावरच्या, म्हणजे गावामागच्या पठारावरच्या, बागेतून उतरू लागली आणि बूड कुठे टेकलं नाही. मात्र त्या दिवसापासून रिकाम्या गाडीत बसणाऱ्याच्या हाडांची खैर राहिली नाही. कोणी कुरकुर केली की बाबली म्हणायचे, गाडी आंब्यांका आसा, माणसांका एसटी आसा. बाबली गेले, गाडी राहिली आणि धक्केही राहिले.

आता हे पाटे गाडीखाली नव्हते. पाटे नाहीत म्हणजे ही गाडी यापुढे आंबा उचलणार नाही. आणि आंबा उचलायचा नाही, तर बाग कशाला ठेवायची? ओंकारने हिशोब तिथेच उभ्या उभ्या पुरा केला. तो कुडाळला राहायचा, बाग बघायला मे महिन्यानंतर फिरकला नव्हता, पण हिशोब करायला त्याला कधीच वेळ लागत नसे.

त्याने तन्वीला हाक मारली. तन्वी, त्याची बायको, कुडाळला शाळेत शिकवायची.

"ह्ये बग. दादान काढल्यान. आणि झावळांखाली दडवल्यान."

तन्वीने पाट्यांकडे बघितलं आणि पदराने कपाळ पुसलं. "तरीच! गेल्या गुरवारी मी शाळेतसून येय होतंय, तेव्हा भावजी दिसले. गाडीत एकटेच. आणि मागच्या सीटवर पाण्यान भरलेली कळशी. पट्ट्यान बांधलेली."

"कळशी?"

"आईंची, तांब्याची. मी हात केलंय, तर माझ्याकडे बघूक पण नाय. नजर सगळी आरशातसून मागे, कळशीर."

"तीर्थबिर्थ हाडी असतलो खंयचातरी."

"एमआयडीसीत तीर्थ खंय गावता?" तन्वी म्हणाली. "आणि दोनदा वळसो घालून थंयच इले. खड्डो बघून मुद्दाम त्याच्यार गाडी घालीत."

ओंकारने खिशातून फोन काढला आणि गॅरेजवाल्या सॅम्युएल मिस्त्रीला लावला. सॅम्युएल बाबलींच्या वेळेपासूनचा माणूस. लपवाछपवी त्याला जमत नसे आणि आवाज तर मुळीच लहान करता येत नसे. तन्वीला शेजारी उभं राहून सगळं ऐकू आलं.

"पाटे? मीच काढलंय. मी तुझ्या भावाशीक एकच विचारलंय, गाडीत पेटी बसतली की माणूस? तो म्हणालो, आवस बसतली. मग मी म्हटलंय, जादा पाटे पयले काढ. शॉकप नवे घाल, रबरी बुश सगळे बदल. आणि चाकातली हवा कमी कर. तुझो बापूस हवा अशी भरी की चाक नाय, जांभ्याचो चिरो! आता बस एकदा आणि सांग. पोटातला पाणी हलाचा नाय."

"पण आयेक नेता खंय तो?"

"ता माका नाय सांगूक. म्हणालो, एकदाच न्हेवची आसा, पण धक्को लागता नये."

ओंकारने फोन ठेवला. "एकदाच," तो तन्वीला म्हणाला. "आयकलंस? एकदाच."

*

भाई पडवीतल्या बाकावर बसून नारळाची शेंडी नीट करत होते. भाई म्हणजे बाबलींचे धाकटे भाऊ. गाऱ्हाणं घालावं तर भाईंनीच, हे तीन वाड्यांत ठरलेलं होतं. लग्न असो, नवी होडी असो, विहीर असो, भाई नारळ हातात घेऊन देवाला हाक मारायचे आणि भोवतीची माणसं दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरायची. दुरुस्त झालेली गाडी गाऱ्हाण्याशिवाय कामाला बाहेर काढायची नाही, हा बाबलींचाच नियम होता. त्यासाठीच आज रविवारी सगळे जमले होते.

ओंकारने पाटे आणून धाडकन त्यांच्या पायाशी टाकले आणि सगळं सांगितलं. पाटे, कळशी, मिस्त्री, "एकदाच".

भाईंनी ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाले, "एकदाच खंय नेतत माणसाक? तूच इचार कर. बाग कोणाच्या नावार आसा?"

"आयेच्या."

"मग सही कोणाची लागतली? आणि ती सही घरात बसान होता काय? कुडाळाक, सायबाच्या फुडे बसूचा लागता. फोटो काढतत, आंगठो घेतत. वयनीच्या पाठीक गाडी सोसणा नाय. म्हणान गाडी मऊ केल्यान." त्यांनी नारळ मांडीवर ठेवला. "मी काय सांगणंय नाय. मी आपलो बोललंय."

ओंकारचा चेहरा तापला. भावावर इतका राग त्याला बाबलींच्या बाराव्यालासुद्धा आला नव्हता, आणि त्या दिवशी तर दोघांची मारामारी व्हायचीच बाकी होती.

भाई मात्र स्वतःशी तेवढे निश्चिंत नव्हते. बाग विकायची गोष्ट त्यांना आत्ताच सुचली होती आणि ती खरी निघावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. कुडाळ निघालं तर कौस्तुभ चोर ठरणार होता. पण गाडी जर कुडाळला न जाता मागे सड्यावर चढली तर? श्रावणापासून भाई सड्यावर गेले नव्हते. त्यांनी तो विचार तिथेच सोडला आणि नारळावरचा उरलेला काथ्या नखाने काढत बसले.

*

अक्षया चुलीपाशी घावणे घालत होती आणि कान पडवीकडे होते. ती कौस्तुभची बायको, लग्नाला अकरा वर्षं झालेली. इतर कोणी नवऱ्यावर संशय घेतला असता तर तिने त्याला झारा दाखवला असता. अडचण अशी होती की तिचा स्वतःचाही संशय होता.

महिनाभर कौस्तुभचं चाललं होतं काय? एके दिवशी सासूबाईंना खुर्चीत बसवून टेपने माप घेतलं, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, मानेपर्यंत. शिंप्यालासुद्धा इतकी मापं लागत नाहीत. मग गाडीची मधली सीट उसवली, जुना टणक काथ्या काढला, फोमचे तीन थर कापून बसवले, पुन्हा काढले, पुन्हा बसवले. मोबाइलात काहीतरी लिहून ठेवलं होतं. तिने चोरून वाचलं. "चौक्याचं वळण, थोडं सांडलं. पुलाआधीचा गतिरोधक, सांडलं नाही. वरची चढण, अर्धी कळशी." ते वाचून तिचा संशय वाढला, कारण त्यातलं तिला काहीच कळलं नाही. विचारलं तर "सांगतंय" म्हणायचा. फोन आला की मागीलदारी जायचा. फोन बहुतेक वेळा भाईंचा असायचा, आणि बोलून आला की जेवायचा नाही.

कौस्तुभ पाणी प्यायला आत आला तेव्हा तिने तवा उतरवला.

"बाग इकतास?"

"कोण म्हणता?"

"सगळे म्हणतत. मी इचारतंय, इकतास?"

"नाय."

"मग आईंका खंय नेतास?"

"सांगतंय."

"कदी? महिनाभर सांगतंय, सांगतंय! माका नाय सांगणास तर बरा, माझो काय, मी परक्याची. पण ओंकार बाहेर तुमका चोर म्हणता हा आणि माका उत्तर देवक येणा नाय. माका लाज वाटता."

कौस्तुभने तांब्या भरून घेतला. पाणी त्याच्या शर्टावर सांडलं. "आज कळतला तुका," तो म्हणाला आणि न पिता तांब्या ठेवून बाहेर गेला. अक्षयाला त्याची दया आली नाही. तिला राग आला, आणि ती तशीच, पिठाच्या हातांनी, त्याच्यामागे अंगणात गेली. नवऱ्याच्या शेजारी जाऊन न उभी राहता ती तन्वीच्या शेजारी उभी राहिली. हे सगळ्यांनी बघितलं.

*

यशोदेने तर ते खिडकीतूनच बघितलं. बाबलींची बायको, ओंकार-कौस्तुभची आई, चौदा महिने त्या खिडकीशी पडून होती. न्हाणीच्या पायरीवर पाय सरकला आणि पाठीचे दोन मणके दबले. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, बसा, पण धक्का नको. एकदा हट्टाने रिक्षात बसून चौके गावापर्यंत गेली आणि परत आल्यावर तीन आठवडे कुशीवर वळता आलं नाही. तेव्हापासून तिचं जग तुळशीपाशी संपत होतं.

रोज संध्याकाळी ती कौस्तुभला विचारायची, "कलमा बरी आसत?" तो म्हणायचा, "बरी आसत." आधी हे उत्तर सावकाश यायचं. श्रावणानंतर ते झटकन यायला लागलं.

मग आला दसरा. या घराचं तोरण दर दसऱ्याला एकाच झाडाच्या टाळाचं, म्हणजे डहाळीच्या पानांचं, असतं. लग्न होऊन आली त्या वर्षी यशोदेने सड्याच्या वरच्या कडेला पहिलं हापूसचं कलम लावलं होतं, त्याचं. बेचाळीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. यंदा कौस्तुभने टाळ आणून दाराला बांधला. ती खाटेवरून उठली, भिंत धरत दारापर्यंत गेली, एक पान तोडून चुरगाळलं आणि नाकाला लावलं. रायवळ. कुठल्यातरी वाटेवरच्या रायवळ आंब्याचं पान.

त्याच रात्री तिने मुलाला सांगितलं, "माका सड्यार ने."

"आये, गाडीत तुका सोसाचा नाय."

"मग गाडी नीट कर."

दुसरं काही ती बोलली नाही. का, कशासाठी, काय झालंय, काही विचारलं नाही. कोणाला सांगू नको एवढं बजावलं. झाडांचं काहीतरी झालं होतं, आणि ते या घरातल्या कोणालातरी ठाऊक होतं. कोणाला, ते तिला बघायचं होतं.

*

यशोदेला खुर्चीत बसवून अंगणात आणलं. गाडीच्या नाकासमोर पाट ठेवला होता, पाटावर तांदूळ, तांदळावर पान. भाई नारळ घेऊन उभे राहिले, त्यांनी डोळे मिटले आणि आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरा तुझ्यासमोर उभी आसत."

"व्हय म्हाराजा!"

"थोरल्या झिलान बापाशीची गाडी नीट करून दारात हाडल्यान आसा. तिका वाटेत अडचण पडता नये, बसणाऱ्याक इजा होता नये."

"व्हय म्हाराजा!"

"ही गाडी आता पयल्या कामाक भायर पडता..." भाई थांबले. इथे काम सांगावं लागतं. कुठे जायचं, कशाला जायचं, ते देवाला मोघम सांगून चालत नाही.

"इचार त्येका, काका," ओंकार म्हणाला. "देवासमोर इचार. गाडी पयली खंय जातली?"

सगळे कौस्तुभकडे बघत राहिले. कौस्तुभ भाईंकडे बघत होता.

"बोल मा, दादा! कुडाळाक ना? आयेक सायबाच्या फुडे बसवक ना? पाटे कित्याक दडवलंस?"

"दडवूक नाय. पाय लागात कोणाचो म्हणान झाकलंय."

"मग खंय नेतंस ता सांग!"

"मी पण तेच इचारतंय," अक्षया म्हणाली. कौस्तुभने तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्याला वाईट वाटलं, ते त्याच्या खांद्यांवरून दिसलं.

"सड्यार," यशोदा खुर्चीतून म्हणाली.

ओंकारने वळून आईकडे बघितलं.

"माझी कलमा बघूक जातंय मी. मीच सांगलंय त्येका गाडी नीट करूक. कळशी पण मीच दिलंय. म्हटलंय, हिच्यातला पाणी ज्या दिवशी सांडाचा नाय, त्या दिवशी माका ने. चार वेळा सांडून इलो बिचारो. काल नाय सांडला." ती भाईंकडे वळली. "घाल गाऱ्हाणा, भाई. सांग देवाक, वयनी सड्यार जाता."

भाईंनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. "वयनी, आज दिस तसो बरो नाय. वर वाट पण खराब आसा. फुडच्या पुनवेक जावया."

"दिस तूच काढलंस मा काल?"

"काढलंय, पण..."

"मग काय बदाललो रातीत?"

ज्या माणसाला देवासमोर अर्धा अर्धा तास शब्द कमी पडत नसत, त्याला ओंकारने पहिल्यांदा असं तोंड उघडं ठेवून उभं राहिलेलं बघितलं. ओंकारचा राग कौस्तुभवरून हलला, पण कुठे जाऊन बसावं हे त्याला अजून कळेना.

"बरा," यशोदा म्हणाली. "गाऱ्हाणा थंयच घालूया. नारळ घे आणि फुडे बस. तन्वी, ती कळशी भरून घी गो. कलमाक पाणी घालतंय."

*

गाडी सड्यावर चढली. गावामागच्या त्या जांभ्याच्या पठारावर जाणारी वाट म्हणजे नुसते दगड आणि चाकोऱ्या. कौस्तुभ चालण्याच्या वेगाने चालवत होता. यशोदा मधल्या सीटवर, शेजारी पट्ट्याने बांधलेली कळशी, पलीकडे अक्षया. ओंकार आणि तन्वी मागे. याच वाटेवर लहानपणी आंब्याच्या पेट्यांवर बसून ओंकारचं डोकं कितीदा टपाला आपटलं होतं. आता गाडी खाली वाकत होती, वर येत होती, बाजूला झुकत होती, पण आत काही आदळत नव्हतं. कळशीतलं पाणी काठापर्यंत यायचं आणि मागे फिरायचं.

"दुखता, आई?" अक्षयाने विचारलं.

"नाय गो. काय एक नाय."

पुढे बसलेल्या भाईंच्या मानेवरून घाम उतरत होता.

वरच्या कडेला कौस्तुभने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले. त्याने वळून बघितलं नाही.

अक्षया आणि तन्वीने यशोदेला उतरवलं. समोर बारा कलमं असायला हवी होती. समोर खड्डा होता. ताशीव लाल भिंती, यंत्राच्या दातांच्या रेघा, तळाला हिरवं पाणी आणि त्या पाण्यात आडवं पडलेलं एक खोड. पलीकडची भाईंच्या वाटणीची जमीन तर सगळीच खाली गेली होती. जांभ्याची चिरेखाण. भाईंनी ती दोन वर्षांमागे चालवायला दिली होती आणि यंत्र हद्दीचा गडगा ओलांडून अलीकडे आलं होतं. श्रावणात कड सुटली आणि झाडं एकामागून एक आत गेली.

"काका," ओंकार म्हणाला, "तू माका सांगलंस दादा बाग इकता म्हणान."

भाईंनी नजर गाडीकडे वळवली.

"आये," कौस्तुभ म्हणाला. तो आता उतरून तिच्या मागे येऊन उभा होता. "काकान माका देवाची शपथ घातल्यान. म्हणालो, वयनी ह्या आयकान मरतली. माका पण तसाच वाटला. तुझ्यासमोर तोंड उघडूक होयना. म्हटलंय, निदान सुखान न्हेवया, आपल्या डोळ्यांनी बघतली. एकदा बघितलंस की परत येतंय म्हणाची नाय तू."

यशोदा रडत होती. आवाज नव्हता, पण पाणी हनुवटीवरून पदरावर पडत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"माझे मणके मोडले रे," ती म्हणाली. "कान नाय मोडूक. सांगलं असतंस, तर आयकलं असतंय. पावसात सांगलं असतंस, तर वरची दोन तरी वाचवलं असतव. माका सीट मऊ केलंस, आणि झाडा गेली."

अक्षया कौस्तुभजवळ गेली. तिचा राग गेला नव्हता, पण ती त्याच्या शेजारी उभी राहिली.

खड्ड्याच्या अगदी कडेला, त्या बारांपलीकडचं, तेरावं कलम अजून उभं होतं. अर्धी मुळं हवेत, एका बाजूची पानं पिवळी. यशोदेने तन्वीकडून कळशी मागवली. ती तिला उचलवेना, म्हणून दोघी सुनांनी धरली आणि तिने फक्त हात लावला. पाणी मुळांवर पडलं, मातीत गेलं, थोडं कडेवरून खाली ओघळलं.

मग ती भाईंकडे वळली. ती या घरात आली तेव्हा भाई दहा वर्षांचे होते. त्यांचा शाळेचा डबा तिने सात वर्षं भरला होता.

"आता घाल गाऱ्हाणा."

"वयनी..."

"नारळ हातात आसा मा? घाल. काय झाला ता सगळा सांग त्येका."

भाई कडेपासून दोन पावलं मागे उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. तीन वाड्यांना पुरणारा आवाज निघेना. निघाला तो साधा, थकल्या माणसाचा.

"बा देवा म्हाराजा... ह्या सड्याच्या राखणदारा... आज तुझी लेकरा तुझ्यासमोर उभी आसत."

ते थांबले, सवयीने. होकार आला नाही. ओंकार खड्ड्यात बघत होता.

"ह्या जाग्यार बारा कलमा होती. वयनीन लावलेली. गडगो खंय होतो ता माका ठावक होता. यंत्र आत इला तेव्हा मी हंयच उभो होतंय. मी थांब म्हणाक नाय." भाईंनी नारळ दोन्ही हातांनी धरला. "वयनीपासून मी लपवलंय. पोराक शपथ घातलंय. आणि आज सकाळी त्याच पोराक मी चोर केलंय."

पुन्हा ते थांबले आणि वाट बघत राहिले. गाऱ्हाणं होकाराशिवाय पुढे जात नाही, आणि नारळ फोडल्याशिवाय संपत नाही. भाई तसेच उभे होते, मान खाली, नारळ पुढे धरलेला.

"व्हय म्हाराजा," यशोदा म्हणाली. आवाज तिच्या एकटीचाच होता.